शास्त्रज्ञाचे पेपर आणि सायटेशन्स कशी तपासावीत: दा. ध. कोसंबींची यादी समोर ठेवून

पीएचडीसाठी गाइड शोधणारी विद्यार्थिनी, निवड समितीवर बसलेले प्राध्यापक आणि ‘आपल्या तालुक्याचे सर जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’ ही बातमी हातात पडलेला उपसंपादक. तिघांसमोर कागद सारखाच असतो. वर नाव, खाली तीन आकडे: पेपर १४०, सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले हवाले) २,८००, एच-इंडेक्स २७ (म्हणजे निदान २७ हवाले मिळालेले पेपर २७). हे भारी की साधारण? शुद्ध गणितात हा एच-इंडेक्स असेल तर माणूस नक्कीच नावाजलेला असणार. हृदयरोगाच्या संशोधनात तोच आकडा मोठ्या रुग्णालयातल्या बऱ्याच वरिष्ठ डॉक्टरांकडे सापडेल. आकडा तोच, पण विषय बदलला की त्याचं वजन बदलतं. म्हणून विषय, काळ आणि त्या कामातला माणसाचा नेमका वाटा कळल्याशिवाय मी तरी असल्या कागदावर मत देत नाही.

ही तपासणी कशी करायची ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण मुद्दाम अवघड घेतलंय: दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेंचा. हार्वर्डमध्ये शिकले, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं, मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. भूमिती, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत आणि प्राचीन भारताचा इतिहास इतक्या ठिकाणी त्यांनी काम केलं. कुठल्याही एका आकड्यात हा माणूस बसत नाही, त्यामुळे आकडे नेमके कुठे गळतात ते इथे चांगलं दिसतं.

पायरी १: आधी प्रश्न लिहून काढा

‘हे मोठे शास्त्रज्ञ आहेत का?’ हा प्रश्न टाकून द्या, त्याला उत्तर नाही. ‘गेल्या पाच वर्षांत या बाई स्वतः प्रयोगशाळेत काय करतायत?’, ‘यांच्या हाताखालचे विद्यार्थी पहिले लेखक म्हणून पेपर काढतात का?’, ‘या कामाचा त्या विषयातल्या इतरांना उपयोग झाला का?’ असे प्रश्न घ्या. विद्यार्थ्याने गाइड निवडताना दुसरा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. एकूण सायटेशन्स त्याच्या फारशी कामाची नाहीत.

पायरी २: माणूस एकच आहे ना, ते पक्कं करा

निम्म्या चुका इथेच होतात, आणि मराठी नावांच्या बाबतीत जास्तच. इंग्रजी आद्याक्षरं टाकून ‘ए. बी. पाटील’ किंवा ‘एस. एस. कुलकर्णी’ शोधून पाहा. ऊस, पॉलिमर, बालरोग आणि मशीन लर्निंग असं सगळं एकाच माणसाच्या खात्यावर जमा झालेलं दिसेल. उलटही होतं: एकाच बाईंची दोन खाती. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या; शिवाय मधलं अक्षर वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती. आडनाव आधी की नाव आधी यावरूनही खातं फुटतं.

संस्थांची नावंही बदलतात. मुंबई विद्यापीठाचं इंग्रजी नाव १९९६ मध्ये बदललं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला, पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. जुने पेपर शोधायचे तर जुनं नाव टाकून पुन्हा एकदा शोध घ्यावाच लागतो.

आता कोसंबी बघा. वडील धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक. मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ. ‘डी. कोसंबी’ असा शोध घेतला की बाप-लेक एकत्र येतात. नुसत्या आडनावाने तीन पिढ्या. त्यात भर म्हणजे अखेरच्या वर्षांत दामोदरपंतांनी गणितातले काही लेख ‘एस. डुक्रे’ या टोपणनावाने छापले. हे कुठल्याही यंत्राला आपोआप कळणार नाही. चरित्र वाचलेला माणूसच ते सांगू शकतो.

हयात संशोधकांसाठी ऑर्किड हा जागतिक ओळख क्रमांक सगळ्यांत सोपा आधार. सोळा अंकी, २०१२ पासून मिळणारा, नाव बदललं तरी न बदलणारा. मात्र ती यादी ज्याची त्याने भरलेली असते. ती अर्धवट असू शकते. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरचा परिचय, ऑर्किड आणि एखादा डेटाबेस अशा तीन ठिकाणच्या याद्या जुळवा. एक्सेलमध्ये प्रत्येक पेपरची एक ओळ करा: वर्ष, शीर्षक, जर्नल, सगळे लेखक त्याच क्रमाने, संस्था. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं या तक्त्यावरच उभं राहतं.

पायरी ३: मोजमाप कुठून घेतलं ते ठरवा आणि तिथेच थांबा

युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये फिलाडेल्फियातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही हवाल्यांची सूची नियमित सुरू केली. आजचा वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस तिचंच पुढचं रूप. २००४ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशकाचं स्कोपस आणि गूगल स्कॉलर, दोन्ही आले. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस सशुल्क आणि जर्नलं निवडून घेणारी. गूगल स्कॉलर फुकट आणि सर्वभक्षी: प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट (जर्नलच्या छाननीआधीच जाळ्यावर टाकलेले पेपर), कधीकधी परिषदेच्या माहितीपत्रकातली यादीसुद्धा. त्यामुळे स्कॉलरवरचा आकडा जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा असतो. अर्जात ‘एच-इंडेक्स २७’ लिहिलंय पण कुठला ते लिहिलं नाही, तर तो स्कॉलरचा समजून चाला. एकाचा स्कॉलरचा आकडा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून गुण देणाऱ्या समित्या आहेत. हा चक्क अन्याय आहे.

पैसे न भरता काम करायचं असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेला ओपनअ‍ॅलेक्स हा खुला डेटाबेस वापरा. यादी उतरवून घेता येते. मात्र लेखकांची खाती यंत्राने जुळवलेली असतात, म्हणून दुसरी पायरी केल्याशिवाय इथे येऊ नका. याशिवाय प्रत्येक विषयाचं स्वतःचं असं ठिकाण असतं. गणितासाठी झेडबीमॅथ, २०२१ पासून सर्वांना खुलं. खगोलशास्त्रासाठी नासाची एडीएस, कणभौतिकीसाठी इन्स्पायर, वैद्यकासाठी पबमेड, संगणकशास्त्रासाठी डीबीएलपी. त्या विषयातली माणसं तिथेच बघतात, आपणही बघावं.

जुन्या माणसांच्या बाबतीत जाळ्याला मोठी भोकं असतात. कोसंबींचा आनुवंशिकीतला १९४४ चा पेपर ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. त्या जर्नलचं नाव १९५४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झालं. काही लोक जुन्या नावाने संदर्भ देतात, काही नव्या. कुणी पानाचा आकडा चुकवतो, कुणी खंडाचा. परिणाम असा की एकच पेपर दोन-तीन वेगवेगळ्या नोंदींत विखुरतो आणि प्रत्येक नोंदीखाली थोडी थोडी सायटेशन्स जमतात. शीर्षकातले तीन-चार ठळक शब्द अवतरण चिन्हांत टाकून शोधा आणि विखुरलेल्या नोंदी हाताने एकत्र करा.

आणि हे सगळं इंग्रजीपुरतं. ‘भाषा आणि जीवन’सारख्या मराठी नियतकालिकातल्या एखाद्या लेखाच्या तळटीपेत कोसंबींचा हवाला असेल तर तो या मोठ्या डेटाबेसांच्या हिशेबात येण्याची शक्यता फार थोडी. इतिहास, मराठी साहित्य, लोकसाहित्य या विषयांतल्या अभ्यासकाला स्कोपसच्या फुटपट्टीने मोजणं म्हणूनच निरर्थक आहे. त्यांचं काम पुस्तकांत असतं, आणि पुस्तकांतले हवाले यंत्र नीट वाचत नाही.

पायरी ४: विषयवार गठ्ठे करा

तक्त्यात एक रकाना वाढवा आणि प्रत्येक पेपरपुढे विषय लिहा. जर्नलचा नव्हे, पेपरचा विषय. कोसंबींचे गठ्ठे साधारण असे पडतात. १९३० च्या दशकातली वक्रमार्गांची भूमिती. ती पुढे कार्तां आणि चर्न या गणितज्ञांच्या नावांसह कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणून ओळखली गेली. ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’तला १९४३ चा संख्याशास्त्राचा पेपर. १९४४ चा आनुवंशिकीचा. चांदीच्या आहत नाण्यांची वजनं करून झिजेवरून त्यांचा काळ लावण्याचं काम. भर्तृहरीच्या शतकांची १९४८ ची चिकित्सक आवृत्ती. आणि १९५६ पासूनची इतिहासाची पुस्तकं.

गठ्ठे वेगळे ठेवायचे कारण प्रत्येक विषयाचा हवाले देण्याचा रिवाज वेगळा. जैववैद्यकातला पेपर शेवटी लांबलचक संदर्भयादी जोडतो आणि त्यातले बरेच संदर्भ गेल्या चार-पाच वर्षांतले असतात. गणितातली यादी आखूड, आणि तिच्यात चाळीस वर्षांपूर्वीचा पेपर सहज असतो. लोकांना वाटतं, मोठ्या विषयात माणसं जास्त म्हणून सायटेशन्स जास्त. तसं पूर्ण खरं नाही. माणसं जास्त तसे वाटेकरी पेपरही जास्त. सरासरी ठरते ती मुख्यतः संदर्भयादीच्या लांबीवर आणि ताज्या कामाचा हवाला देण्याच्या घाईवर. विषय मोठा असेल तर फरक पडतो तो शिखरावर: सर्वाधिक उद्धृत पेपर तिथे अफाट उंच जातो.

पायरी ५: एच-इंडेक्स एकदा तरी हाताने काढा

होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे: ४०, २२, १५, ९, ६, ५, २, १. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाच किंवा जास्त. सहाव्याला ५ आहेत, सहापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलरचा आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन्स असलेल्या पेपरांची संख्या, इथे ३. एकूण बेरीज १००.

आता दुसरा माणूस घ्या: ९००, ३, २, १. बेरीज ९०६, एच-इंडेक्स फक्त २. त्याने आयुष्यात एकच गोष्ट केली, पण ती सगळ्यांनी वापरली. एच-इंडेक्सला सातत्य आवडतं, एकुलता एक मोठा शोध त्याला दिसत नाही. तो कधी खाली येत नाही. निवृत्त झाल्यावरही वाढतच राहतो, त्यामुळे तिशीतल्या संशोधकाची साठीतल्या प्राध्यापकाशी तुलना करायला तो निरुपयोगी. विषयाविषयांत तो सारखा नसतो, जीवशास्त्रात भौतिकीपेक्षा जास्त येतो, हे हिर्शनी स्वतःच मूळ लेखात लिहिलं होतं. लोकांनी सूत्र उचललं, ताकीद तिथेच राहिली.

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९६४ च्या कामासाठी त्यांना २०१३ चं नोबेल मिळालं. त्या कामानंतर त्यांनी दहापेक्षाही कमी पेपर लिहिले, आणि आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरी मिळाली नसती असं त्यांनी नोबेलच्या वर्षी मुलाखतीत सांगितलं.

पायरी ६: शेजाऱ्यांशी तुलना करा

सशुल्क साधनांत यासाठी तयार आकडे असतात. पेपरला मिळालेली सायटेशन्स भागिले त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांची सरासरी. उत्तर १ आलं तर जगाच्या सरासरीइतकं, २ आलं तर दुप्पट. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आयसाइट नावाचं फुकट साधन पबमेडमधल्या पेपरांसाठी याच जातीचा आकडा देतं. तिथे १ म्हणजे त्या संस्थेच्या निधीवर झालेल्या पेपरांचा मध्य.

साधन हाताशी नसेल तर मी एक गावठी पण भरवशाची युक्ती वापरतो. ज्या पेपरबद्दल प्रश्न आहे तो जर्नलच्या ज्या अंकात आला, तो अख्खा अंक उघडा. त्यातल्या प्रत्येक पेपरची आजची सायटेशन्स एकाच ठिकाणाहून उतरवा. समजा अकरा पेपर आहेत: ०, १, १, २, ३, ४, ४, ६, ७, १२, ३१. मधला, म्हणजे सहावा आकडा ४. आपला पेपर १२ चा असेल तर तो मध्याच्या तिप्पट आणि अंकात दुसरा. पेशीजीवशास्त्राच्या एखाद्या अंकाचा मध्य २५ निघाला, तर तिथला १२ चा पेपर मागे पडलेला ठरेल. दोन्हीकडे आकडा बाराच. पाच-सहा महत्त्वाच्या पेपरांसाठी हे केलं की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. सर्व्हे किंवा रिव्ह्यू लेख असेल तर मूळ संशोधनाच्या पेपरांत मिसळू नका. रिव्ह्यूला हवाले नेहमीच जास्त मिळतात.

वरच्या अकरा आकड्यांची सरासरी काढून बघा: सुमारे ६.५. अकरापैकी आठ पेपर सरासरीच्या खाली! एकट्या ३१ ने सगळ्यांना वर ओढलंय. इम्पॅक्ट फॅक्टर ही अशीच सरासरी असते: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या. ती जर्नलची गोष्ट आहे, त्यात छापलेल्या प्रत्येक पेपरची नव्हे. शिवाय दोन वर्षांत गणिताचा पेपर नीट वाचूनही होत नाही. त्यामुळे गणितातल्या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’चा इम्पॅक्ट फॅक्टर एक आकडी राहतो, आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जर्नलचा २५० च्या वर गेलेला आहे, कारण कर्करोगाची वार्षिक आकडेवारी तिथे छापते आणि कर्करोगावर लिहिणारा जो तो तिचा हवाला देतो. पेपरला जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून गुण देऊ नयेत असं संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ मध्येच सांगितलं. आपल्याकडच्या अर्जात तो रकाना अजून शाबूत आहे.

जर्नल अस्सल आहे का हे मात्र तपासाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात छाननी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि नमुना म्हणून तपासलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकषांना उतरली नाहीत. हे २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. पुढे आयोगाची केअर ही नवी जर्नल-यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. त्यामुळे आता जबाबदारी आपल्यावर. संपादक मंडळातल्या दोन नावांच्या संस्थेच्या पानावर जाऊन ते खरंच या जर्नलवर आहेत का बघा. ‘चार दिवसांत प्रसिद्धी’ असं लिहिलेलं दिसलं की पुढे वाचायची गरज नाही.

पायरी ७: लेखकांच्या रांगेत माणूस कुठे आहे?

जीवशास्त्रात आणि रसायनशास्त्रात पहिलं नाव सहसा हाताने काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधली नावं किती आणि कशासाठी ते विचारावं लागतं; आता बरीच जर्नलं प्रत्येकाचा वाटा शेवटी छापतात, तो परिच्छेद जरूर वाचा. गणितात आणि कणभौतिकीत नावं वर्णानुक्रमे असतात, तिथे ‘पहिला लेखक’ म्हणजे केवळ ज्याचं आडनाव ‘ए’पासून सुरू होतं तो. संगणकशास्त्रात जर्नलपेक्षा नामांकित परिषदेतला पेपर मोठा मानतात, हे माहीत नसलेल्या समितीने चांगले उमेदवार नाकारलेले आहेत.

२०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर सर्न प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या संशोधक गटांचा मिळून जो पेपर आला त्यावर ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नावांची आणि संस्थांची. मुंबईची टाटा संस्था सीएमएस गटात आहे. अशा गटातल्या संशोधकाची सायटेशन्स हजारोंनी असतात आणि ती खोटी नसतात, पण एकट्याने बसून सिद्धांत लिहिणाऱ्याशी त्यांची तुलना होत नाही. अशांना सरळ विचारा: डिटेक्टरच्या कुठल्या भागावर, कुठल्या विश्लेषणावर तुम्ही काम केलं? कोसंबींच्या बहुतेक पेपरांवर नाव त्यांचं एकट्याचं. तिथे हा प्रश्नच येत नाही.

पायरी ८: हवाला कोण देतंय आणि कशासाठी

सर्वांत महत्त्वाच्या दोन-तीन पेपरांना ज्यांनी उद्धृत केलंय त्यांतले दहा-पंधरा पेपर उघडा. सगळे अलीकडचे घेऊ नका, वेगवेगळ्या वर्षांतले घ्या. कोसंबींचा हवाला ज्या वाक्यात येतो ते वाक्य शोधा.

१९४४ च्या पेपरसाठी हे केलं की एकसारखीच वाक्यं सापडतात: गहू, ज्वारी, तांदूळ, टोमॅटो असल्या पिकाचा जनुकीय नकाशा काढला आणि ‘अंतरं कोसंबींच्या फलनाने (म्हणजे सूत्राने) काढली’. मुद्दा असा की दोन जनुकांत पुनर्संयोजन किती वेळा झालं हे मोजता येतं, पण त्यावरून त्यांच्यातलं अंतर काढायला सूत्र लागतं. १९१९ चं हॉल्डेनचं सूत्र धरून चालतं की एका ठिकाणची गुणसूत्रांची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीत अडथळा आणत नाही. प्रत्यक्षात आणते, आणि कोसंबींनी तो अडथळा हिशेबात घेतला. पुनर्संयोजन २० टक्के असेल तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधल्या अंतराचं एकक) येतं, कोसंबींच्या सूत्राने २१.२. नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही हे दोन पर्याय एकाखाली एक दिसतात. म्हणजे ही सायटेशन्स पद्धतीची आहेत: वापरलं, म्हणून नाव घेतलं. त्यांत चर्चा नाही, वाद नाही. जगातला सर्वाधिक उद्धृत पेपरही असाच आहे. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा. २०१४ मध्येच त्याची सायटेशन्स तीन लाखांवर गेली होती.

याउलट १९४३ चा पेपर. यादृच्छिक (योगायोगाने बदलत जाणाऱ्या) प्रक्रिया सोप्या घटकांत उकलण्याची जी कल्पना त्यात आहे ती काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि अभियांत्रिकीची पुस्तकं त्यांच्याच नावाने ती शिकवतात. कोसंबींचं नाव जोडणारे आहेत, पण कमी. श्रेयाचा आणि सायटेशन्सचा मार्ग इथे सरळ वेगळा झाला.

तिसरा प्रकार म्हणजे नाव घेतात, पण हवाला देतच नाहीत. ‘कोसंबी फलन’ इतकंच लिहून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. ‘श्रीखंडे ग्राफ’ लिहिणारा प्रत्येक जण गणितज्ञ शरच्चंद्र श्रीखंड्यांचा १९५९ चा पेपर यादीत टाकतो असं नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक तर जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. त्याचा एच-इंडेक्स कोण काढणार? म्हणून पेपरच्या शीर्षकाबरोबरच संकल्पनेचं नाव टाकूनही एक शोध घ्या आणि फरक टिपून ठेवा.

चौथा प्रकार विरोधी हवाल्यांचा. १९५९ मध्ये कोसंबींनी कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय जर्नलमध्ये जो पेपर छापला त्यातून रीमानचं गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांबद्दलचा गणितातला प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न, सिद्ध होतं असा दावा होता. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. अशा पेपरला मिळालेला हवाला आणि नकाशाच्या सूत्राला मिळालेला हवाला यंत्राच्या लेखी सारखेच, एकेक. तुमच्या तक्त्यात ते सारखे राहू देऊ नका.

पायरी ९: फुगवटा शोधा

स्वतःच्या जुन्या कामाचा हवाला देण्यात गैर काही नाही, सलग काम करणाऱ्याला तो द्यावाच लागतो. पण स्कोपसमध्ये स्व-सायटेशन्स वगळायची सोय आहे, ती वापरून आकडा अर्ध्यावर येत असेल तर थांबा. हवाले देणारे तेच तेच आठ-दहा लेखक असतील, एकाच परिषदेच्या पेपरसंग्रहातून ढीग आला असेल, एखाद्या वर्षी आलेख अचानक उभा चढला असेल, तर कारण शोधा. कारण प्रामाणिकही असू शकतं. कोविडच्या काळात साध्या पेपरांनीही उड्या मारल्या.

गूगल स्कॉलरला फसवणं किती सोपं आहे हे २०२४ मध्ये दोन संशोधकांनी एका मांजराला खातं काढून दाखवलं. लॅरी नावाच्या या बोक्याच्या नावावर बारा बनावट लेख चढवले, त्यांना हवाले देणारे तितकेच बनावट लेख चढवले, आणि तो जगातला सर्वाधिक उद्धृत बोका झाला. आधीचा मानकरीही मांजरच. १९७५ मध्ये एका अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या मांजराला सहलेखक केलं होतं, पण तो पेपर मात्र अस्सल होता.

मागे घेतलेल्या पेपरांसाठी रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस बघा. २०२३ पासून तो पेपरांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे असून सर्वांना खुला आहे. मागे घेतला म्हणजे लबाडीच असं नाही. प्रामाणिक चूक सापडून लेखकाने स्वतःहून मागे घेतलेला पेपर मी त्याच्या बाजूने धरतो. कारण वाचा.

पायरी १०: ‘दोन टक्के’वाली बातमी आली तर

ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या आधारे काढतात. ती विद्यापीठाने दिलेली पदवी किंवा पुरस्कार नाही. यात सहा घटक मिळून एक गुण काढतात. त्यात सहलेखकांच्या संख्येनुसार सुधारलेला एच-इंडेक्स आणि एकट्याने, पहिल्याने किंवा शेवटच्या जागी लिहिलेल्या पेपरांची सायटेशन्स येतात. शास्त्रज्ञांना २२ शाखा आणि १७४ उपशाखांत वाटलेलं असतं, म्हणून ही यादी नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा बरी. बातमी लिहिण्याआधी मूळ फाइल उतरवा आणि तीन गोष्टी बघा. यादी संपूर्ण कारकिर्दीची आहे की एकाच वर्षाची? (आपल्याकडच्या बातम्यांत बहुधा एका वर्षाची असते आणि तसं लिहिलेलं नसतं.) स्व-सायटेशन्स वगळल्यावर क्रमांक किती घसरतो? उपशाखा कुठली दाखवलीय, आणि ती त्यांच्या खऱ्या कामाशी जुळते का?

पायरी ११: वाचा, मग टिपण लिहा

आतापर्यंतच्या खटाटोपातून तीन पेपर वेगळे निघालेले असतात. त्या संशोधकालाच विचारून त्याच्या मते सर्वोत्तम एक, तुमच्या तक्त्यात सर्वाधिक उद्धृत एक, आणि गेल्या दोन वर्षांतला एक. प्रस्तावना आणि निष्कर्ष तरी वाचाच. विषय परका असेल तर त्या विषयातल्या माणसाला बसवून अर्धा तास समजावून घ्या.

टिपण एका पानाचं पुरे. प्रत्येक आकड्यापुढे कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, हे लिहा. तो पुढच्या महिन्यात वेगळा दिसणार आहे. प्रत्येक गठ्ठ्याचं स्वतंत्र वाक्य असावं. कोसंबींबद्दल मला लिहायचं झालं तर ‘आनुवंशिकीत एक पेपर, पद्धत म्हणून ऐंशी वर्षं वापरात; संख्याशास्त्रातल्या अग्रक्रमाची दखल उशिरा आणि अपुरी; इतिहासातला प्रभाव पुस्तकांतून, डेटाबेसच्या बाहेर; १९५९ चा दावा अमान्य’ असं लिहीन आणि चारही गठ्ठ्यांची बेरीज करणार नाही.

टिपण पुढे पाठवण्याआधी पेपरांचा तक्ता, निदान यादी तरी, ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाला दाखवा. मूल्यमापन होणाऱ्याला आपली माहिती तपासू द्यावी, हे संशोधनाच्या मोजमापावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी एक आहे. चुकून दुसऱ्या पाटलांचे चार पेपर आले असतील तर ते तोच सांगेल, आणि यंत्राने गाळलेले दोनही तोच आणून देईल. उत्तरासाठी आठवडाभराची मुदत द्या. तेवढ्यात तुमचे ते तीन पेपर वाचून होतात.